पलीकडची मुलगी

नोकरी लागली तेव्हा आत्याने शेजारीपाजारी सांगून टाकलं, की आमचा भाचा कॉम्प्युटरला शहाणपण शिकवतो. शिकवलं काय, तर खोटं बोलायला.

आमची कंपनी इतर कंपन्यांसाठी तक्रारीची खिडकी बनवते. गिऱ्हाईक मोबाइलवर गाऱ्हाणं लिहितं, पलीकडून एक मुलगी गोड उत्तरं देते. मुलगी-बिलगी कोणी नाही, ठरलेली चार वाक्यं आहेत. वाक्य येण्याआधी तीन ठिपके हलतात, कोणीतरी विचार करून लिहितंय असं वाटावं म्हणून. ते ठिपके माझे. गिऱ्हाइकाने शिव्या घातल्या तरच तक्रार खऱ्या माणसाकडे जाते. आणि 'धन्यवाद' लिहिलं की मिटली असं समजून बंद होते. हा नियमही माझाच. त्यामुळे मिटलेल्या तक्रारींचा आकडा असा वर गेला, की साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. कॉलेजात मी काय काय बनवणार होतो ते आता आठवायलाही नको वाटतं. पण पाठ थोपटली तेव्हा बरं वाटलं, हेही खरं.

परवा आत्याकडे गेलो. दार वाजवून हात दुखले. शेवटी खिडकीसमोर उभा राहून हातवारे केले, तेव्हा तिने उघडलं.

"कानाचं मशीन बंद पडलंय रे," ती ओरडून म्हणाली. "तक्रार लिहिल्याशिवाय दुकानदार हात लावत नाही. पण कंपनीतली मुलगी फार गुणी आहे. रोज बोलते माझ्याशी."

तिने मोबाइल पुढे केला. आमच्या खिडकीची ती निळी चौकट मी झोपेतही ओळखली असती.

"बाळ, मशीन बंद आहे. तुझ्या सवडीने बघ. धन्यवाद." खाली उत्तर: "तुमची तक्रार मिटल्याचा आम्हाला आनंद आहे." दुसऱ्या दिवशी: "मिटली नाही गं, पण तू एकटी कुठे कुठे बघशील! जेवलीस का? धन्यवाद." पुन्हा आनंद. असं खालपर्यंत.

"किती विचार करून लिहिते बघ," आत्या म्हणाली. "नाहीतर तू. एका अक्षरात उत्तर."

मला मान वर करवेना. ऐकू येत नाही म्हणून घरात टीव्ही बंद होता, आणि ही बाई रोज नव्याने आभार मानून स्वतःची तक्रार स्वतःच्या हाताने बंद करत होती.

मी मोबाइल घेतला आणि आमच्या खिडकीला समजते त्या भाषेत लिहिलं. निर्लज्ज, चोर, आणि पुढचं इथे सांगण्यासारखं नाही. लगेच उत्तर आलं: "थांबा, आमचा माणूस तुमच्याशी बोलेल." मी मोबाइल टेबलावर ठेवला, आत जाऊन घटाघटा पाणी प्यायलो.

बाहेर आलो तर आत्याचा चेहरा पडला होता.

"हे तू लिहिलंस? माझ्या नावाने? त्या पोरीला?"

"आत्या, थांब, काही लिहू नको..."

तिला काय ऐकू येणार! मी पोचेपर्यंत तिचं बोट फिरलं होतं. "माफ कर गं बाळ. भाचा शिकलेला आहे, पण जिभेला हाड नाही. मनाला लावून घेऊ नकोस. धन्यवाद."

ठिपके हलले. "तुमची तक्रार मिटल्याचा आम्हाला आनंद आहे."

"पाहिलंस?" आत्या म्हणाली. "काही मनात ठेवलं नाही तिने."

"तिथे कोणी मुलगी नाही, आत्या," मी म्हणालो. "तिथे मी आहे."

चांगलं मोठ्याने म्हणालो. तिला ऐकू येत नाही म्हणूनच एवढं धैर्य आलं होतं, आणि त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

"नुसते ओठ काय हलवतोस? लिहून दाखव," असं म्हणून तिने मोबाइल माझ्या हातात दिला.

मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहायला घेतलं. आत्या चष्मा सावरून समोर बसली आणि त्या मुलीच्या उत्तराची बघायची तशीच, अगदी विश्वासाने, माझ्या उत्तराची वाट बघू लागली.