उभा धागा

काकूंनी ब्लेडचं टोक टाक्याखाली घातलं आणि तीच ओळ चौथ्यांदा उसवायला घेतली. पाच इंची चौकोनांची ओळ. बारा चौकोन, अकरा शिवणी. दोरा टर्र करत सुटत होता आणि प्रत्येक शिवणीगणिक काकूंचे ओठ आणखी घट्ट मिटत होते. टेबलावर अर्धी झालेली गोधडी पसरली होती. ती सपाट बसायला हवी होती, पण बसत नव्हती. मधोमध फुगली होती आणि कडेला झोळ पडला होता, खाली मांजर निजावं तशी.

काकूंनी तो फुगवटा तळहातानं दाबला. इकडे दाबला की तिकडे उठला.

"आता काय झालं?" काका दारातून म्हणाले. त्यांच्या हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं.

"काय व्हायचंय? हात गेलाय माझा."

"सुई बदलून बघ."

"बदलली. दोराही बदलला. मशीनला तेल दिलं, इस्त्री फिरवली. आता मलाच बदलायचं राहिलंय."

काका हसले नाहीत. त्यांनी चिंध्यांच्या पेटीकडे एकदा बघितलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. जरा वेळानं म्हणाले, "कात्री देतेस? एक बातमी कापून ठेवायचीय."

"कापडाची कात्री? कागदाला?" काकूंनी वर न बघता कात्री स्वतःकडे ओढली. "पोरानं सातवीत असताना हिनं पतंगाचा कागद कापला होता. तेव्हाचा दातरा अजून आहे हिला. तुमची कागदाची आहे ना खणात, ती घ्या."

"असू दे. नंतर कापतो."

"आणि हा शर्ट कितव्यांदा या आठवड्यात? कपाटात इस्त्रीचे शर्ट लटकलेत नुसते. कुणी बघितलं तर म्हणेल, बायको कपडेच धूत नाही."

"बरा आहे हा. उबदार आहे."

"सुती शर्ट उबदार कधीपासून झाला, अहो?"

काकांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

इमारतीत चार काकू होत्या, म्हणून यांना सगळे शिवणकाकू म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी घरबसल्या लोकांचे कपडे शिवले आणि प्रत्येक कपड्यातून उरलेला तुकडा खिडकीखालच्या पत्र्याच्या पेटीत टाकला. पेटी गुडघ्याएवढी उंच होती. चष्मा जाड झाल्यावर त्यांनी बाहेरची शिवण बंद केली. पेटी तशीच राहिली.

दोन महिन्यांपूर्वी मुलगा आला होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही, काकांचा गुडघा असा. "आता दोघांनीच इथं राहण्यात काय अर्थ आहे? माझ्याकडे चला," तो म्हणाला. मग वडिलांकडे वळला. "बाबा, तुम्ही बोला काहीतरी."

काका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढायचे. तिथं त्यांना मोजपट्टी म्हणत. कागदावरची रेघ आणि तोंडातला शब्द, दोन्ही मोजून. त्यांनी कपाचा तळ बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "तुझी आई म्हणेल तसं."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. ते कपातून वर बघेनात. तेव्हा काकू मुलाला म्हणाल्या, "येऊ. पण ही पेटी रिकामी झाल्यावर. तुकडे टाकणार नाही आणि तुझ्या घरी ओझंही आणणार नाही. सगळ्याच्या गोधड्या करून वाटून टाकते."

"वर्षअखेरपर्यंत होईल?"

"न व्हायला काय झालं?"

"मग एकतीस तारखेला गाडी सांगतो."

आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे मुलाला माहीत होतं. काकूंनी दुसऱ्या दिवसापासून पुठ्ठ्याचा साचा ठेवून, खडूनं आखून चौकोन कापले, दहा-दहाचे गठ्ठे चिंधीनं बांधून पुन्हा पेटीत रचले. पहिल्या तीन गोधड्या भराभर झाल्या. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना एक, दूधवाल्याच्या घरी एक, एक दवाखान्यातल्या आयाबाईला. चौथी मात्र बिघडली ती बिघडलीच. आज बावीस तारीख होती. आणि तीन गोधड्या निघूनही पेटीचं झाकण बसत नव्हतं. दोन बोटं वरच राहत होतं.

दुपारी काकू जिना चढून वर गेल्या.

"मास्तरीणबाई, खरं सांगा. माझ्या पेटीत कापडं आणून टाकता का तुम्ही?"

"मी? मी कशाला टाकू?" मास्तरीणबाई तपासायच्या वह्या बाजूला सारून त्यांच्याबरोबर खाली आल्या. पेटीचं झाकण त्यांनी उचलून बघितलं, पुन्हा ठेवलं. "रागावू नका हं काकू, पण यालाच म्हणतात एक ना धड, भाराभर चिंध्या."

"ही म्हण शिवणाऱ्या बाईला जन्मभर ऐकवतात. तुम्ही तरी दुसरी काढा."

"मग टाकून द्या ना. एवढा जीव कशाला जाळायचा?"

"टाकायच्याच असत्या तर जमवल्या असत्या का?" काकूंनी उसवलेली ओळ त्यांच्यापुढे धरली. "आणि हे बघा. चाळीस वर्षं शिवतेय. शाळेतल्या मुलीनं शिवावं तसं शिवलंय मी. चार वेळा. डोळे गेले, आता हातही गेला. बरंच झालं म्हणायचं, मुलाकडे जायचंय ते."

मास्तरीणबाईंनी गोधडीवरून हात फिरवला. दारात थांबून म्हणाल्या, "काका काय म्हणतात, जाण्याबद्दल?"

"काय म्हणणार? मूग गिळून बसलेत."

चार वाजता काका वाचनालयात गेले. काकूंनी पेटीतून नवा गठ्ठा काढला, चिंधीची गाठ सोडली आणि आता घाई करायची नाही असं ठरवून एकेक चौकोन हातात घेतला. कडेला धरून ताणून बघितला. पहिला ताठ राहिला. दुसराही. तिसरा रबरासारखा लांबला.

काकूंनी तो खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कापड डोळ्यांजवळ धरलं. कापडाला उभा धागा असतो आणि आडवा असतो. चौकोनाची कड त्या धाग्याबरोबर चालली पाहिजे. या चौकोनाची कड धाग्याला सोडून तिरपी गेली होती. अशा तिरप्या कापडाला शिंपी उरेब म्हणतात. गळ्याच्या पट्टीला ते लागतं, कारण ते वळतं. गोधडीत घातलं तर मशीनखाली ताणतं, पाव इंच वाढतं आणि शेजारच्या चौकोनांना घेऊन फुगतं. काकूंनी आयुष्यात गोधडीचा एकही चौकोन उरेब कापला नव्हता.

त्यांनी दहाच्या दहा चौकोन टेबलावर मांडले. सहा उरेब होते. मग दुसरा गठ्ठा सोडला, मग तिसरा. उरेब निघालेले सगळे एका बाजूला ठेवत गेल्या. ते एकावर एक रचले तेव्हा त्यांच्या कडा तंतोतंत जुळल्या. काकूंच्या स्वतःच्या चौकोनांतही सुतभर इकडेतिकडे व्हायचं, यांत तेवढंही नव्हतं. पण कडांना तूस निघालं होतं, बोथट कात्रीनं चावल्यासारखं. आणि प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांत टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता. काकू खडूनं आखत. हे ठिपके पेन्सिलीचे होते.

सर्वांत खालचा चौकोन फिकट निळा होता आणि त्याचा एक कोपरा गडद निळा. गडद भागाच्या कडेनं भोकांची बारीक रांग होती. वर्षानुवर्षं तिथं खिसा होता, म्हणून खालचा रंग विटला नव्हता. खिसा इतक्या जपून उसवला होता की कापडाचा एक धागा तुटला नव्हता. खिशाच्या रेषेखाली मोहरीएवढा शाईचा डाग होता. तो काढण्यासाठी काकूंनी काय काय केलं होतं. डाग निघाला नव्हता. काका तोच शर्ट घालून निवृत्तीच्या दिवशी कचेरीत गेले होते.

काकूंनी काकांचं कपाट उघडलं. अकरा हँगर रिकामे होते, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. बाराव्यावर पांढरा शर्ट होता. तळाशी वर्तमानपत्राचं पुडकं होतं. आत कॉलरी होत्या आणि मनगटाच्या पट्ट्या, नीट घडी करून ठेवलेल्या. त्यांतून पाच इंची चौकोन निघत नव्हता.

काकूंनी कपाटाचं दार इतक्या जोरात लावलं की आतले हँगर खडखडले.

"बोलायला काय झालं होतं?" त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या.

मग मशीनपाशी बसल्या. स्वतः कापलेले बारा चौकोन निवडले आणि एक ओळ शिवली. टेबलावर टाकली. ओळ पट्टीसारखी सरळ पडली. काकू आपल्या हातांकडे बघत राहिल्या, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. नकाशे काढणाऱ्या माणसानं शर्ट पसरला असेल, पट्टी ठेवली असेल आणि कमीत कमी कापड वाया जाईल अशा बेतानं जशी बसेल तशी ती फिरवली असेल. कागदाला धागा नसतो. कापडाला असतो, हे त्याला कोण सांगणार!

काका साडेपाचला आले तेव्हा गठ्ठे पुन्हा पेटीत होते आणि झाकण दोन बोटं वर.

"जमलं का?" त्यांनी विचारलं.

"जमतंय." काकूंनी दोरा तोडला. "अहो, एकतीस तारखेला जायचंय आपल्याला."

"हो."

"नऊ दिवस राहिले."

"हो ना."

"तुम्हाला काय वाटतं?"

काकांची नजर पेटीकडे गेली आणि परत आली. त्यांनी चपला काढून भिंतीला लावून ठेवल्या, एकीला एक टेकवून.

"तू म्हणशील तसं."

काकूंनी हातातलं रीळ टेबलावर आपटलं. ते घरंगळलं, खाली पडलं आणि दोरा सोडत पलंगाखाली गेलं. काका दुखरा गुडघा धरून वाकले. रीळ काढलं, खुर्चीत बसले आणि सुटलेला दोरा एका वेढ्याशेजारी दुसरा असा गुंडाळत राहिले. काकू ते बघत राहिल्या. ताकास तूर लागू देणार नव्हता हा माणूस. पेटी रिकामी होऊ नये म्हणून अकरा शर्ट कापेल, पण एक शब्द खर्च करणार नाही.

सकाळी मुलाचा फोन आला. काका अंघोळीला गेले होते.

"आई, गाडीवाला विचारतोय. एकतीस नक्की सांगू ना?"

"पेटी रिकामी झाल्यावर, असं ठरलंय आपलं."

"हो, पण किती राहिलंय आता?"

काकूंनी पेटीकडे बघितलं. "झाकण बसत नाही अजून."

"अजून? दोन महिने काय करत होतीस मग?"

"शिवत होते. चिंध्या वाढतायत, त्याला मी काय करू?"

"चिंध्या कशा वाढतील, आई?"

"ते तू तुझ्या बाबांना विचार. हिशोब त्यांना चांगला जमतो. गाडीवाल्याला नाही म्हणून सांग."

फोन ठेवल्यावर त्यांनी टेबलावरची गोधडी घडी करून बाजूला ठेवली. कपाटातून पांढरा शर्ट काढला आणि बटणं सोडून टेबलावर पसरला, पाठ वर करून. हातानं सगळ्या सुरकुत्या काढल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कापडातला धागा शोधला आणि निळ्या खडूनं गळ्यापासून खालच्या दुमडीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. रेघेच्या दोन्ही टोकांना बाण काढले. पुठ्ठ्याचा साचा घेतला आणि त्याची कड त्या रेघेला बरोबर लावून ठेवला. साच्यावर खडू ठेवला.

शेवटी कापडाची कात्री घेतली. पदरानं पुसली, एकदा उघडून मिटली आणि शर्टाशेजारी ठेवली. तिच्या मुठी काकांच्या खुर्चीकडे होत्या.

"अहो, मी वर जातेय," त्यांनी न्हाणीघराच्या दाराशी जाऊन सांगितलं.

आतला पाण्याचा आवाज थांबला. "लगेच येतेस?"

"नाही."

मास्तरीणबाईंनी दार उघडलं. "काय काकू, संपल्या का चिंध्या?"

"कुठल्या संपतायत," काकू म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "चहा ठेवा. तासभर तरी मला खाली जायचं नाही."