न कापलेली कड

कटिंग मशीनचं पातं खाली आलं आणि दप्तर घेऊन आलेली शब्दकोशबाई बाइंडरकाकांच्या दुकानाच्या दारातच थबकली. पण कापला गेला तो जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा. कागदाच्या पट्ट्या टोपलीत पडल्या.

"काका, माझी डिक्शनरी? बाबांनी काल दिली ती. लाल पाठीची."

"आधी श्वास घे," बाइंडरकाका म्हणाले. "पुस्तकाला काही पाय फुटले नाहीत."

"कापलीत का?"

काका हाताची खळ पुसत राहिले.

शब्दकोशबाई हे नाव दादाने चिडवायला ठेवलं होतं. तिने ते मिरवायलाच घेतलं. डिक्शनरी मात्र आत्याची. आत्या गोष्टी लिहायची, आणि भुरळ घालणारा इंग्रजी शब्द सापडला की शेजारच्या समासात पेन्सिलीने टिपून ठेवायची. 'एग्लेट: बुटाच्या नाडीच्या टोकाची टोपी. एवढ्याशा जिवालाही नाव!' 'सुसरस: पानांची कुजबुज. नुसतं म्हटलं तरी ऐकू येते.' आत्या गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून शब्दकोशबाई तिच्या ओळींखाली निळ्या पेनने लिहायची. आत्याशी बोलायला तेवढीच जागा उरली होती.

बाबांनी बिचाऱ्यांनी लेकीला खूश करायला पुस्तक बाइंडिंगला टाकलं. पण बाइंडिंग म्हणजे तीन बाजू कापणं आलंच, आणि आत्या तर अगदी कडेपर्यंत लिहायची.

काकांनी पुस्तक दाबून ठेवलेला शिकंजा सैल केला. पुठ्ठा नवा, पाठ नवी. कडा मात्र जुन्याच, मळकट, खालीवर, उंदराने चाखल्यासारख्या.

तिने पुस्तक छातीशी धरलं. डोळे भरून आले ते काकांना दिसू नयेत म्हणून उगाच पाठीवरून हात फिरवत राहिली.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा न कापता सोडलंय," काका म्हणाले. "कुणाला सांगू नकोस. म्हणतील, म्हाताऱ्याला नजरेनं दगा दिला."

"मग का सोडलंत?"

काकांनी चष्मा चढवला आणि खूण घातलेलं पान उघडलं. समासात आत्याचं बारीक अक्षर होतं. 'डेकल: हातकागदाची मूळची, न कापलेली कड. कागद जन्मतो तो असा.'

"शिवून झालं, मशीनला लावणार तोच हे पान उघडलं. इंग्रजी आपल्याला कुठलं येतंय? पण हे मराठीत होतं. वाचलं. परत वाचलं." त्यांनी टोपलीकडे पाहिलं. "जन्मभर मी हेच कापून टाकत आलो, पोरी. त्याला नाव असेल असं कधी मनातही आलं नाही. म्हणायचं कसं ते?"

"डेकल."

"डेकल," काका म्हणाले, देवघरात बोलावं इतक्या हळू.

शब्दकोशबाई त्या पानाकडे बघत राहिली. शेकडो वेळा डिक्शनरी चाळली होती, पण हा शब्द तिच्या नजरेतून सुटला होता. ओळीखाली बोटभर जागा कोरी होती. तिने दप्तरातून निळं पेन काढलं, क्षणभर मुठीत धरलं आणि काकांपुढे केलं.

"इथे तुम्ही लिहा."

"मी? अगं, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

"आत्याला चालेल."

काकांनी हात पुन्हा पुसले. मग टोपलीतून एक पट्टी उचलली, टेबलावर सरळ केली आणि तिच्यावर तो शब्द आधी गिरवून पाहिला. एकदा. दोनदा. मग पानावर वाकले.

लिहून झाल्यावर त्यांनी पेन परत दिलं. पट्टी मात्र टोपलीत टाकली नाही. घडी करून खिशात ठेवली.