शेळीचा पूल

सुई वर्तमानपत्राच्या सुरळीत अर्ध्यापर्यंत गेली आणि अडकली. बाईंनी ती फिरवली, थोडी मागे ओढली आणि पुन्हा दाबली. कागद कुरकुरला. फाटला असता तर सगळंच आटोपलं असतं. पण फाटला नाही, आणि स्वेटर विणायची ती लांबलचक सुई पुलाच्या पोटात टोकापर्यंत जाऊन बसली. बाईंनी सुरळीच्या दोन्ही तोंडांत कागदाचे बोळे कोंबले, वरून डिंक लावला आणि पूल टेबलावर होता तसा ठेवला. मग तो होता तसा नाही असं वाटून दोन बोटं डावीकडे सरकवला. मग पुन्हा उजवीकडे.

मधली सुट्टी चालू होती. तिसरीचा वर्ग रिकामा होता आणि मैदानातून आरडाओरडा ऐकू येत होता. बाईंच्या पिशवीत बहिणीच्या नातवाचा अर्धा विणलेला स्वेटर आता एकाच सुईवर लोंबकळत होता. त्यांनी तो गुंडाळून तळाशी दडपला आणि बोटांवरचा डिंक साडीला पुसला. असं कुणा मुलानं केलं असतं तर बाईंनी त्याची बिनपाण्यानं केली असती.

आता बावीस वर्षं नोकरी झालेल्या शिक्षिकेवर मुलांच्या पुलात चोरून सुई घालायची वेळ का यावी? तर साहेबांमुळे. साहेब म्हणजे तपासणीचे साहेब, ते आज गोष्टीचा तास बघायला येणार होते.

हा तास बाईंनी स्वतःच्या डोक्यातून काढलेला. बावीसपैकी एकवीस वर्षं ‘गप्प बसा’ म्हणण्यात गेली होती, आणि गेल्या साली तर नोकरी सोडायचा अर्जही लिहून झाला होता. मग एके दिवशी गोष्ट वाचता वाचता घसा बसला म्हणून त्यांनी पुस्तक मधेच मिटलं. गोष्टीतल्या बदकाच्या लठ्ठ मावशीला जिना चढता येत नव्हता, एवढ्यावर येऊन गोष्ट थांबली होती. मुलं गप्प बसेनात. एकानं पुठ्ठ्याचा उतार केला, दुसऱ्यानं दोरीला पाळणा बांधला. मावशी म्हणून त्यात खडूचा डबा बसवला. तो धाडकन पडला, तर त्यांनी पाळणा पुन्हा बांधला. बाईंनी तो अर्ज घरी नेऊन फाडला.

तेव्हापासून दर शुक्रवारी गोष्ट वाचायची आणि कुणीतरी नीट अडचणीत सापडलं की पुस्तक बंद करायचं. पुढचं मुलांनी करायचं. आधी विचारायचं, मग आखायचं, मग बनवायचं, आणि मोडलं की सुधारायचं. प्रत्येक गटाची एक वही. त्यात काय बनवलं, किती पेललं, पुढे काय बदलणार, हे जसं घडलं तसं लिहायचं. एवढा एकच नियम होता. हा तास होता म्हणून बाई सोमवारी शाळेत यायला तयार असायच्या. तो गेला तर पुन्हा एकवीस वर्षांसारखंच, आणि ते आता त्यांच्याच्यानं होणार नव्हतं.

मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, हे पटत नव्हतं.

“गोष्टी ऐकून कुणी इंजिनियर होत नसतं हो,” त्या म्हणाल्या होत्या. “साहेबांना दाखवा. त्यांनी ‘पूर्ण’ लिहिलं तर तास राहील. नाहीतर सोमवारपासून त्या वेळात पाढे.”

आणि इथे बाईंनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. साहेबांकडे पाठवायच्या फॉर्मवर ‘अपेक्षित निष्पत्ती’ असा एक रकाना होता. काय लिहावं सुचेना, म्हणून बाईंनी लिहून टाकलं, ‘मुलांचा पूल वीस गोट्या पेलेल.’ आजच्या गोष्टीतल्या, ओढ्यापलीकडे अडकलेल्या शेळीचं वजन वर्गानं वीस गोट्या ठरवलं होतं, पंधराच्या बाजूनं बोलणाऱ्यांना ‘शेळीनं येताना कोबी खाल्ला असेल तर?’ असं विचारून गप्प बसवून. काल, गुरुवारी, मुद्दाम घेतलेल्या सरावात पहिल्या बाकाचा पूल, जो वर्गातला सगळ्यांत दणकट, तो अकरा गोट्यांना मोडला.

साहेब आले तेव्हा सुट्टी संपून पाच मिनिटं झाली होती. बारीक चणीचे, घामेजलेले, हातात फॉर्म. मोठ्या बाई मागच्या खुर्चीवर साहेबांच्या शेजारी बसल्या. बाईंनी पुस्तक उघडलं. पान उलटताना बोटं एकमेकांना चिकटत होती.

“ओढ्याच्या पलीकडे शेळी उभी राहून ओरडत होती,” त्या वाचू लागल्या. “ती म्हणाली, अगं बाई, माझी म्हातारी कुठे गेली?”

वर्ग खदखदून हसला. गोष्टीत हे म्हातारी शेळीबद्दल म्हणत होती. बाईंनी ओळ पुन्हा वाचली आणि या वेळी एक अख्खं पान गाळलं. मुलांनी ते सांभाळून घेतलं. गोष्ट त्यांना पाठ होती.

“शेळीला पोहता येत नाही, म्हातारीला चालवत नाही, आणि अंधार पडत चालला आहे,” असं म्हणून बाईंनी पुस्तक मिटलं.

“पुढे काय झालं?” साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं असं वाटलं.

“ते मुलं करून दाखवतील, साहेब.”

पहिल्या बाकावर तिघं होती. एक रेडिओ, ज्याचं तोंड बंद कसं करायचं हे त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. एक मुलगा फक्त कापायचा आणि चिकटवायचा, बोलायचा नाही. आणि तिसरी मोजपट्टी. ती दप्तर, डबा, स्वतःची वेणी, दिसेल ते मोजायची, आणि वही तिच्याकडे असायची. कालचा पूल मोडल्यावर तिनं लिहिलं होतं, ‘११. मधे वाकला आणि मोडला. उद्या पुठ्ठ्याला घड्या घालणार. खाली सुरळी लावणार.’ सकाळी त्यांनी तसा पूल केलाही. पण तो पेलतोय का हे बघायला वेळच मिळाला नव्हता, आणि तेच बाईंना सहन झालं नव्हतं.

दोन बाकांमध्ये एका वितीचं अंतर ठेवून पूल मांडला गेला. वर वाटी ठेवली. रेडिओ क्रिकेटचं समालोचन करावं तसा मोजू लागला.

“नऊ! दहा! अकरा, आणि काल इथेच आपला पूल गेला होता मंडळी! बारा!”

बाई खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, खडू उचलला आणि ठेवला. पंधरा झाल्या. अठरा. मोठ्या बाईंनी मान पुढे काढली. विसावी गोटी वाटीत पडली तेव्हा रेडिओचा आवाज फाटला, आणि वर्ग बाकांवर उभा राहिला. बरणीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोट्या त्यांनी ओतल्या. चौतीस. पूल तसूभर हलला नाही.

“शाब्बास!” साहेब उठून उभे राहिले. “मी दुसऱ्या शाळांनाही सांगणार आहे हे. कमाल आहे!”

“बाईंची मेहनत आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. कालपर्यंत त्या वेगळंच काही म्हणत होत्या हे त्यांच्या चेहऱ्यावरून कुणाला कळलं नसतं.

बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. तास वाचला होता. एका दिवसाची गोष्ट, उद्या सुई काढून टाकू आणि नंतर सगळं पुन्हा नीट करू, असं त्यांनी मनाशी म्हणूनही टाकलं. मग त्यांची नजर मोजपट्टीकडे गेली.

ती टाळ्या वाजवत नव्हती. खाली मान घालून वही लिहीत होती. बाई तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. तिनं लिहिलं होतं, ‘३४. मोडला नाही. अजिबात वाकला नाही. घड्या आणि सुरळीमुळे.’

ही मुलगी गप्प कशी? पट्टी एक रेघ कमी दाखवते म्हणून हिनं दुकानदाराशी भांडण केलं होतं. कागदाचा पूल चौतीस गोट्या घेऊन जराही वाकत नाही आणि हिला एकही प्रश्न पडत नाही?

“थोडा तरी वाकायला हवा होता ना गं?” बाईंनी खाली वाकून विचारलं.

मोजपट्टीनं वर पाहिलं नाही.

“हळू बोला ना बाई,” ती कुजबुजली. “साहेब आहेत.”

बाईंना क्षणभर समजलं नाही.

“मी पाण्याची बाटली न्यायला आले होते. सुट्टीत. दारातून दिसलं.” पेन्सिल ‘सुरळीमुळे’ या शब्दावरून पुन्हा पुन्हा फिरत होती, अक्षर जाड होत चाललं होतं. “मी या दोघांनाही नाही सांगितलं. कुणाला सांगणार पण नाही. तुम्ही घाबरू नका.”

आठ वर्षांची पोर त्यांना धीर देत होती. बाईंना रडूच यायचं बाकी राहिलं. शरम वाटली, इतकी की कानाच्या पाळ्या तापल्या. बावीस वर्षांत त्यांनी मुलांना बरंच काय काय शिकवलं होतं, पण इतक्या झटपट कुणी काही शिकलं नव्हतं.

साहेब दारापर्यंत पोहोचले होते. मोठ्या बाई त्यांना चहाचं विचारत होत्या. साहेबांनी भिंतीला फॉर्म टेकवून पेनाचं टोपण काढलं.

“साहेब, जरा थांबा,” बाई म्हणाल्या. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. “झालं नाही अजून.”

त्यांनी वाटी उचलून बाजूला ठेवली. पूल हातात घेतला, सुरळीच्या तोंडातला बोळा नखानं उकरला आणि सुई ओढली. डिंकानं ती धरून ठेवली होती, लगेच येईना. सगळा वर्ग बघत होता. शेवटी ती निघाली, हिरव्या लोकरीचा एक धागा टोकाला तसाच चिकटलेला.

“अरेच्चा, सुई!” रेडिओ ओरडला.

“ही मी घातली,” बाई म्हणाल्या. “मधल्या सुट्टीत. मुलांपैकी कुणाला माहीत नव्हतं. पूल त्यांचा आहे. आता त्यांचा पूल बघा.”

“अहो बाई, काय हे?” मोठ्या बाई म्हणाल्या. साहेबांनी टोपण परत लावलं आणि ते तिथेच उभे राहिले.

मोजपट्टीनं गोट्या टाकायला नकार दिला. हाताची घडी घालून ती बाकाला टेकून राहिली, ओठ घट्ट मिटून. न बोलणाऱ्या मुलानं पूल पुन्हा मांडला आणि तोच एकेक गोटी टाकू लागला. रेडिओनं मोजलं, पण आता हळू. दहाला पूल थोडा वाकला. बाराला, तेराला आणखी थोडा. सतरावी गोटी टाकल्यावर एक क्षण सगळं तसंच राहिलं, आणि मग पूल गेला. वाटी आपटली. गोट्या वर्गभर पळाल्या, दोन साहेबांच्या बुटांना जाऊन लागल्या.

साहेबांनी त्या उचलल्या आणि बाईंच्या हातात दिल्या.

“वीस तुम्हीच लिहिलंय, बाई.”

“हो.”

“मोडला पण कालपेक्षा बरा, असा रकाना नाही माझ्याकडे. मला ‘अपूर्ण’च लिहावं लागेल.” त्यांनी पुन्हा टोपण काढलं. “सुईचं मी काही लिहीत नाही.”

ते गेले. मोठ्या बाई दारात थांबल्या.

“सोमवारपासून पाढे,” त्या म्हणाल्या. “तक्ता कपाटात आहे, लावून घ्या.” रागावल्या होत्या असंही नाही. दमल्यासारख्या वाटल्या.

मुलं वाकून गोट्या गोळा करू लागली. बाई खुर्चीत बसल्या. सुई अजून हातातच होती.

“कशाला काढली?” मोजपट्टी समोर येऊन उभी होती. डोळे लाल, नाक वाहत होतं. “मी सांगणार नव्हते म्हटलं ना! तास गेला आता आपला!”

“गेला.”

“मग कशाला काढली?”

“तू सांगणार नव्हतीस म्हणून.”

हे काही मोजपट्टीला पटलं नाही. तिनं बाहीला नाक पुसलं, रागारागानं वही ओढून घेतली आणि ‘३४’ वर खोडरबर इतकं जोरात घासलं की कागदाला भोक पडलं. भोकाशेजारी तिनं १७ लिहिलं. मग मोडलेला पूल टोपलीत टाकायला म्हणून उचलला, आणि तशीच थांबली. तिनं तो उलटा केला. खिशातून पट्टी काढून एका टोकाला लावली, मग दुसऱ्या.

“बाई.”

बाईंनी मान वर केली.

“हा मधे नाही मोडला या वेळी. मधे नुसता वाकलाय. घड्या धरून आहेत.” नाक पुन्हा वाहू लागलं होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. “हा दुसरीकडेच मोडलाय!”

बाई उठल्या.

“कुठे?” त्यांनी विचारलं.