बाळंतिणींसाठी घेतलेलं खेचर

मी एक म्हातारं खेचर आहे. मित्रांनो, माझ्या जातीला पिल्लं होत नाहीत. तरीही अ‍ॅटलासच्या डोंगरातल्या आमच्या गावात मला आणलं ते बाळंतपणासाठीच.

गावातल्या एका बाईला कळा सुरू असताना खाली सडकेकडे नेत होते, ती उतारावरच दगावली, तेव्हा बायकांनी दोन हिवाळे बसून गालिचे विणले आणि ते विकून मला घेतलं. झऱ्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं, की गावात कुणाला नववा लागला, की माझ्या पाठीवर दुसरं ओझं चढवायचं नाही. पहिल्या बाईला मी सडकेवरच्या बाळंतघरात नेलं आणि बाळासकट परत आणलं. त्या दिवशी बायकांनी माझ्या कपाळाला मेंदी लावली. मी अशी काही फुगले, की संध्याकाळी चाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढे पुरुषांना माझी पाठ दिसली. गावचा मुकादम मोहा म्हणाला, "पाहुण्यासारखं उभं राहून खातंय नुसतं! जरा कामाला लावा." आधी पीठ आलं, मग सरपण, मग मुकादमाच्या नव्या माडीचं सिमेंट. बायका सुरुवातीला भांडल्या, नंतर कुजबुजल्या, शेवटी गप्प बसल्या. मला त्यांचाच जास्त राग आला.

माझा गोठा म्हाताऱ्या मम्मासच्या घरी; इत्तो ही तिची सून. नवरा बास्सू दूर कासाब्लांकाला गवंड्यांच्या हाताखाली कामाला. दिवस भरत आले तशी ती सासूला म्हणाली, "आत्या, बर्फ पडायच्या आत खाली जाऊन राहू का?"

"आत्तापासून जाऊन खाटेवर लोळणार? आणि अक्रोड कोण फोडणार, मी?"

तिने बास्सूला फोन लावला. तो म्हणाला, "आई सांगेल तसं कर."

दोन दिवसांनी मोहा मला न्यायला आला. रिवाज म्हणून त्याने दारात विचारलं, "मम्मास, सुनेला कितवा?"

आमच्याकडे दृष्टीच्या भीतीने महिने कमी करून सांगतात. मम्मासनेही तेच केलं. "आत्ताशी सातवा," ती म्हणाली.

इत्तो उंबऱ्याशी उभी होती. पुरुषांदेखत सासूचा शब्द सून खोडत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मला सगळं माहीत होतं. गोठ्यात माझ्या अंगाला टेकून ती रोज दिवस मोजायची. पण खेचराला कोण विचारतो? मी जागची हलेना, तर मोहाने काठी घातली.

तिसऱ्या दिवशी सिमेंट घेऊन परतताना खिंडीत चार माणसं भेटली. त्यांनी दाराच्या फळीवर इत्तोला आणलं होतं. पहाटेपासून कळा येत होत्या आणि बर्फात त्यांचे पाय ठरत नव्हते. गोण्या तिथेच टाकून तिला माझ्यावर बसवलं. मी कधी नव्हे इतकी जपून आणि इतकी भरभर चालले. बाळंतघरातल्या सुईणीने इत्तोला वाचवलं. मुलगी मात्र रडलीच नाही.

चाळीस दिवसांनी घरी बायका जमल्या. बाहेर मोहा माझं खोगीर कसत होता. आतून मम्मासचा आवाज आला, "काय करणार, बाई! आमचं नशीब. आणि ते मेलं खेचर वेळेवर आलं नाही."

मित्रांनो, काठीचा मार मी विसरते. हे वाक्य नाही विसरले.

तेवढ्यात इत्तो बाहेर आली. अंगात त्राण नव्हतं, भिंत धरून उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "खेचराला उशीर झाला नाही, आत्या. मला नववा होता. तुम्ही सातवा सांगितलात, आणि मी गप्प राहिले."

ज्यांनी गालिचे विणले होते, त्याही खाली बघत बसल्या. मोहाने पट्टा आवळला. "पोरीचं डोकं फिरलंय दुःखाने," असं म्हणून त्याने मला सिमेंट आणायला हाकललं.

मला मेंदी लावू नका, चाराही वाढवू नका. मी जिच्यासाठी आहे तिच्या दारात मला उभी राहू द्या. आणि मित्रांनो, बाईला कितवा महिना आहे, हे त्या बाईलाच विचारा.