कव्हरातली जॅकेटं

आमच्या घरात रिमोटला कव्हर आहे. त्या कव्हराला धूळ लागू नये म्हणून वरून पिशवी आहे. पिशवीतून बटण दाबलं जात नाही, त्यामुळे आवाज कमी करायचा तर आम्ही उठून टीव्हीपर्यंत जातो. हा सगळा प्रताप माझ्या नवऱ्याचा, निशिकांतचा. पुण्याहून सिंगापूरला, इथे यिशुनमध्ये येऊन इतकी वर्षं झाली, मुलगी कॉलेजला गेली, पण 'चांगली वस्तू जपून ठेवावी' हे याच्या अंगातून काही गेलं नाही. माझ्या आईने लग्नात दिलेला डिनर सेट शोकेसमध्ये खोक्यासकट बसलाय. पाहुणे आले की काढू, म्हणतो. पाहुणे येतात आणि कागदी प्लेटमध्ये जेवून जातात. घरात काही पडल्याचा आवाज झाला की याचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय फुटलं?"

असा माणूस सेफ्टी मॅनेजर आहे.

त्याच्या कंपनीची मत्स्यशेती केनियात, व्हिक्टोरिया सरोवरात. पाण्यात जाळ्यांचे मोठमोठे पिंजरे, त्यांत तिलापिया मासे, आणि पिंजऱ्यांमधून जाणाऱ्या फळ्यांच्या अरुंद वाटा. कामगार खाद्याची पोती खांद्यावर घेऊन दिवसभर त्या निसरड्या फळ्यांवरून ये-जा करतात. पाय घसरला आणि गमबुटात पाणी भरलं की माणूस सरळ खाली. या सगळ्यांच्या जिवाची जबाबदारी यिशुनच्या फ्लॅटमध्ये बसलेल्या, मासे न खाणाऱ्या आणि पोहता न येणाऱ्या निशिकांतवर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पण करतो मनापासून, हे मी भांडणातसुद्धा कबूल करते. लाइफ जॅकेटं त्याने स्वतः निवडली. दुकानदाराचं डोकं खाल्लं, नमुन्याचं एक घरी आणून बाथरूममधल्या बादलीत दाबून पाहिलं, आणि मगच बाकीची केनियाला रवाना केली.

त्या शनिवारी दुपारी त्याचा तिकडे व्हिडिओ कॉल चालू होता. तिथली सुपरवायझर अकिन्यी फोन हातात धरून एकेक गोष्ट दाखवत होती. तिने कपाट दाखवलं. काचेच्या दाराआड जॅकेटं ओळीने टांगलेली, प्रत्येक आपापल्या प्लॅस्टिकच्या कव्हरात, नवी कोरी. निशिकांतचा चेहरा असा खुलला, तसा आमच्या लग्नातही खुलला नव्हता.

"बघ नीलिमा, एक डाग नाही!"

मी पोळ्या लाटत होते. "मग घालतात कधी?"

त्याने तोच प्रश्न इंग्रजीत पुढे ढकलला. अकिन्यी म्हणाली, "पाहुणे आले की काढतो, सर. तुमचाच नियम आहे ना? ऊन आणि वास लागू द्यायचा नाही, कव्हरात ठेवायचं, कुलूप लावायचं."

माझं लाटणं थांबलं. मी शोकेसकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. काही बोलणार, तेवढ्यात फोनमधून धप्पकन आवाज आला.

"काय पडलं?" निशिकांत ओरडला.

"ओमोंडी!" अकिन्यी किंचाळली.

ओमोंडी म्हणजे तिथला पोती वाहणारा कामगार. पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग फळ्या, मग पाण्यावर नुसते बुडबुडे. निशिकांत टेबलावर हात आपटत होता. "जॅकेट काढा! कपाट उघडा!" किल्ली स्टोअरकीपरकडे होती आणि स्टोअरकीपर गावात गेला होता. इथे हा माणूस चक्क खुर्चीवर चढला, जणू तिथून सरोवरात उडी मारणार होता.

शेवटी तिथल्या दोघा कामगारांनी मासे काढायचं लांब दांड्याचं जाळं पाण्यात घातलं आणि ओमोंडीला कडेला ओढलं. तो खोकत वर आला, पायात एकच गमबूट, शर्टात दोन तिलापिया. वर येऊन त्याने आधी ते मासे काढून पिंजऱ्यात टाकले. सगळे हसले, मीही हसले. निशिकांत मात्र न हसता खुर्चीवरून उतरला. संध्याकाळी तो जेवला नाही. "माझ्या कुलपाने मेला असता गं तो," एवढंच म्हणाला. मला त्याची फार दया आली, आणि तितकाच रागही.

कुलूप त्याच दिवशी निघालं. पण रात्री अकिन्यीचा फोन आला की जॅकेटं कोणी घालायला तयार नाही. उकडतं, पोतं उचलता येत नाही, आणि मुख्य म्हणजे एवढी जपलेली वस्तू मळली तर बोलणी कोण खाणार? ओमोंडीने निरोप पाठवला होता: साहेबांनी एक दिवस आपली सगळी कामं जॅकेट घालून करून दाखवावीत. मग आम्ही घालू.

आता दुसऱ्या दिवशी होता रविवार, आणि क्लेमेंटीला दीनानाथकाकांकडे सत्यनारायण.

"बाबा, प्लीज लाह," क्षिप्रा, आमची मुलगी, तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "निदान पूजेला नको."

"सगळी कामं म्हणजे सगळी कामं," असं म्हणून निशिकांतने सिल्कच्या कुडत्यावर ते नमुन्याचं भगभगीत नारिंगी जॅकेट चढवलं आणि सगळे बंद आवळले. शूटिंगचं काम अर्थातच क्षिप्राकडे आलं.

लिफ्टमधल्या आजीबाईंनी विचारलं, "अंकल, टुडे गॉट फ्लड आह?" एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, एका तरुणाने त्याला उठून जागा दिली आणि स्वतः दाराजवळ जाऊन उभा राहिला. जुराँग ईस्टला गाडी बदलताना स्टेशनवरच्या माणसाने अदबीने विचारलं की सर, सगळं ठीक आहे ना. मी दोन पावलं मागून, ओळख नसल्यासारखी चालत होते.

दीनानाथकाकांनी दार उघडलं आणि म्हणाले, "निशिकांत, आमची बाथरूम गळते हे तुला कोणी सांगितलं?"

पूजेला हा मांडी घालून बसला तर जॅकेट वर सरकून हनुवटीला टेकलं. मान खाली जाईना, त्यामुळे अख्खी कथा त्याने छताकडे बघून ऐकली. आरतीत टाळ्या वाजवताना बाजूच्या काकूंना दोनदा कोपर लागलं. गुरुजींनी तीर्थ देताना हळूच विचारलं, "हा कुठला नवस?"

मग प्रसाद आला. साजूक तुपातला शिरा, गरमगरम. निशिकांतला स्वतःची छाती ओलांडून हात दिसेना, आणि शिऱ्याचा गोळा सरळ जॅकेटवर पडला. तूप छान पसरलं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हात बंदाकडे गेले. आता हा ते काढणार, बेसिनकडे पळणार, घासणार, हे मला ठाऊक होतं. क्षिप्राचा कॅमेरा चालू होता. हा आता पळाला असता तर तिकडे कोणी ते जॅकेट अंगाला लावलं नसतं.

पण त्याने हात मागे घेतले. बंद सोडला नाही. तो डाग दोन्ही हातांनी ताणून कॅमेऱ्यापुढे धरला आणि म्हणाला, "अकिन्यी, ओमोंडी, बघा. मळलं. मळू दे. उकडतंय, हे तुमचं खरं आहे, आणि पोतं उचलायला गैरसोयीचंही असणार. हलकी, पातळ जॅकेटं मागवतो. तोपर्यंत हीच घाला, फाडा, घाण करा. कोणी विचारणार नाही."

"वाह," दीनानाथकाका म्हणाले, "पण शिरा उचलून खा आता."

नंतरच्या आठवड्यात अकिन्यीचा फोटो आला. ओमोंडी पुन्हा घसरला होता. या वेळी तो पाण्यावर उताणा तरंगत होता, दोन्ही अंगठे वर, आणि अंगात जॅकेट. खाद्याने माखलेलं, खवले चिकटलेलं, खांद्यावर उसवलेलं.

निशिकांतने फोटो मोठा करून बघितला. "केवढं मळलंय गं!" म्हणाला आणि डोळे पुसायला लागला.

त्या संध्याकाळी मी कोणाला न विचारता शोकेस उघडली. खोकं फोडलं, प्लेटा धुतल्या आणि साधा वरणभात वाढला. तो प्लेटेकडे बघत राहिला, पण जेवला. मग मी आत भांडी घासत असताना आईची एक वाटी हातातून निसटली आणि फरशीवर तिचे तुकडे झाले.

बाहेरून आवाज आला, "कोणाला लागलं नाही ना?"