बकलं पाडणारा हँडप्रेस

मी एक जुना हँडप्रेस आहे. वसई पूर्वेला, गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात माझा मुक्काम. मित्रांनो, तुमच्या आईबाबांच्या दप्तराला पितळी बकल असेल, तर ते कदाचित मीच पाडलेलं असेल!

ओतीव लोखंडाचा जन्म, त्यामुळे अंगात मस्ती भरपूर. वर जाड स्क्रू, त्याला आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला जड गोळा. मला चालवणारा कारागीर काशिनाथ दांडा फिरवायचा, मी खाली यायचो आणि पत्र्यातून बकल टक्‌कन पडायचं. मालक पाहुण्यांना आधी मलाच दाखवायचे. मी फुशारून जायचो.

मग प्लास्टिकची बकलं आली, गाळ्याला कुलूप लागलं. अकरा वर्षं माझ्याकडे कुत्रंही फिरकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात राधिका नावाची चित्रकार गाळ्यात चित्रांचं प्रदर्शन मांडायला मैत्रिणींना घेऊन आली. त्यांनी काचा धुतल्या. बकलं कापून उरलेल्या, भोकाभोकांच्या पट्ट्या कोपऱ्यात पडल्या होत्या, त्या छताला टांगल्या. सकाळचं ऊन त्यांतून शिरलं आणि भिंतीवर उजेडाची हजारो बकलं हलू लागली! मी थक्क झालो. जन्मभर ज्याला कचरा समजलो, त्यात एवढं वैभव होतं!

मालकांनी मात्र तिला बजावलं होतं, “मशीन चालत असेल तर ठेवा. नाहीतर शनिवारी भंगारवाला नेईल.”

राधिकेने हौसेनं मला निळा ऑइलपेंट फासला, स्क्रूच्या आट्यांसकट. झालं! रंग वाळला आणि मी जाम झालो. चौघींनी दांडा ओढला, पण मी ढिम्म. शुक्रवार उजाडला. फार रडावंसं वाटलं, पण लोखंडाला आसवं कुठली?

त्या दुपारी काशिनाथ चित्रं बघायला आला. केस पांढरेशुभ्र झालेले. चित्रं राहिली बाजूला, तो सरळ माझ्याकडे वळला.

“आट्यांना रंग कोनी लावला?”

“मीच, काका. छान दिसावा म्हणून.”

“अगं पोरी, अंग रंगव खुशाल. आट्यांना नुसतं तेल लागतं. तुमचा तो रंग काढायचा थिनर आन इकडं.”

संध्याकाळपर्यंत तो एकेक आटा चिंधीनं पुसत राहिला. मग तेल सोडलं, पत्रा सरकवला आणि दांडा फिरवला. टक्! बकल खाली पडलं. राधिकेने बकल उचलून कितीतरी वेळ तळहातावर धरलं.

“काका, मला शिकवाल?”

“ये. पन आधी बोटं मागं घे.”

शनिवारी भंगारवाला रिकामा टेम्पो घेऊन परतला.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नटवा, जरूर नटवा. पण त्याआधी तिला चालवणारा माणूस शोधून आणा. मला गंज चढला तर पुसता येईल. काशिनाथच्या हातातलं कसब त्याच्याबरोबर गेलं, तर ते कुठल्या भंगारात शोधाल?