मास्तरांचा रुसवा

शंकरराव मास्तरांनी राजीनामा दिला तो एका खुर्चीपायी. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला पुढच्या रांगेतली त्यांची नेहमीची खुर्ची संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव यांनी मोताळ्याहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरला दिली. वर म्हणाले, "तुमी पोरायकडं पाहा, मास्तर. तुमचं बसनं तं रोजचंच हाय." मास्तर अख्खा कार्यक्रम उभे राहिले. घरी येऊन जेवले नाहीत. रविवारभर कुणाशी बोलले नाहीत, आणि सोमवारी सकाळी शाळेच्याच कागदावर, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात राजीनामा लिहून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून आले. अठरा वर्षांची नोकरी. दुसरी कुठे पाहिलेली नव्हती आणि पाहायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

सत्यभामाबाई, त्यांची बायको, तेव्हाच श्रावणी सोमवारचा बेल वाहून महादेवाच्या देवळातून परतली होती. ताम्हन हातात धरूनच तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग आता?"

"आता काय? येतील."

"कोन येतील?"

"सारेच येतील. हेडमास्तर येईल, पंच येतील, हिंमतराव तं पयले येईल. बस्तेवेळी खुर्ची ओढून घेतली माही. आता उठवाले ये म्हना घरी."

धुतलेलं धोतर नेसून मास्तर ओट्यावर जाऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून. आत हाक मारून म्हणाले, "साखर हाय न घरात? चार-सहा जनायचा च्या होईन इतकी?"

साखर होती. सत्यभामाबाईला ठाऊक होतं की मास्तरांनी नोकरी सोडलेली नाही, मास्तर रुसले आहेत. रुसलेल्या माणसाकडे लोक येतात, तो दोनदा नाही म्हणतो, तिसऱ्यांदा उठतो, ही एकच रीत त्यांना जगात ठाऊक होती. लोणारला त्यांच्या लग्नात ते असेच पहिला घास न उचलता बसले होते. सायकल पाहिजे होती. पंगत थांबली, भात निवला, आणि सत्यभामाबाईच्या म्हाताऱ्या वडिलांनी डोक्यावरचं पागोटं काढून सगळ्या वऱ्हाडासमोर जावयाच्या पायांवर ठेवलं. बोडकं, घामानं ओलं झालेलं ते डोकं तिनं अंतरपाट दूर झाला त्याच दिवशी पाहिलं. महिन्याभरात दावणीची गाय गेली आणि सायकल आली.

घरातही तीच तऱ्हा. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकायचं. ती हात जोडायची, एकदा, दोनदा, मग ते जेवायचे. श्रावणात ती मौन धरून जेवत असे. मधे बोललं तर ताटावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यावर राहायचं, असं तिचं व्रत होतं. मास्तरांना नेमकं तेव्हाच काहीतरी आठवायचं. माहा चष्मा कुठी हाय, माहं उपरनं कुठी हाय. उत्तर मिळालं नाही की रुसवा, म्हणून ती बोलायची आणि ताटावरून उठायची. अशी किती ताटं गाईपुढे गेली, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. देवाला तेवढं ठाऊक असेल.

पण या वेळचा रुसवा घरातला नव्हता. राहत्या दोन खोल्या संस्थेच्या होत्या. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्पर गेलं. पोरबाळ नव्हतं. मेहकरला मास्तरांचे थोरले भाऊ होते, पण त्यांच्या घरी दोन दिवस पाहुणं जायचं तरी थोरल्या जावेच्या कपाळावर आठ्या चढत. तिथे जन्म काढायचा या विचारानं सत्यभामाबाईला रात्री झोप येईना.

मंगळवारी शाळेचा चपराशी जहांगीर आला. ओट्याखालीच उभा राहून म्हणाला, "मास्तर, हेडमास्तर साहेबानं सांगतलं, कागद अजून खनातच हाय. शनवारी बारा वाजता कमिटीची मिटिंग हाय. त्याच्या अंदर येऊन घेऊन जा. कोनाले खबर नाई होनार."

"कागद देवाले मी माह्या पायानं गेलतो न? मंग आता त्यायनं यावं त्यायच्या पायानं. चपराश्याले काऊन धाडलं?"

"मी गरीब मानूस हाय, मास्तर. मले जे सांगतलं ते सांगून राह्यलो."

"जाय. सांग जाऊन."

जाताना जहांगीर मागच्या दारी आला आणि हळूच म्हणाला, "मास्तरीनबाई, समजवा त्यायले. हिंमतराव तं वाटच पाहून राह्यला. त्याचा भाचा बीए होऊन घरी बसेल हाय."

तिनं समजावलं. बुधवारी समजावलं. गुरुवारी ताट वाढून त्यांच्या पुढ्यात बसली, हात जोडले आणि म्हणाली, "माह्यासाठी जा. एक डाव जा. मी पाया पडते."

मास्तरांनी ताट सरकवलं आणि तिच्याकडे पाहून सावकाश हसले. "तुह्या बापानं पागोटं ठेवलं होतं पायावर. तू तं नुसतेच हात जोडून राह्यली."

वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. सत्यभामाबाईनं जोडलेले हात खाली घेतले, पदराला पुसले. त्या दिवशी मास्तर उपाशी निजले. तिनं पुन्हा म्हटलं नाही.

शनिवारी मास्तर अकराला जेवले आणि ओट्यावर जाऊन बसले. गावात सगळ्यांना कळलं होतं. येणारा-जाणारा मुद्दाम रामराम घालायचा. "मास्तर, आज सुट्टी?" कुणी विचारायचा, आणि पलीकडच्या पानठेल्यावर हशा पिकायचा. मास्तर रस्त्याच्या वळणाकडे पाहत बसले होते. मिटिंगला जाण्याआधी हिंमतराव याच रस्त्यानं येणार, असा त्यांचा हिशेब होता.

साडेअकरा झाले असतील. सत्यभामाबाईनं हात धुतले, नैवेद्य दाखवला आणि मौन धरून भाकरी मोडली. तेवढ्यात मागच्या दारी जहांगीर उभा राहिला. धापा टाकत होता.

"तुमचं मौन हाय, मले ठाऊक हाय. बोलू नका, नुसतं आयका," तो म्हणाला. "हेडमास्तरनं चिठ्ठी लेहून देल्ली हाय. राजीनामा वापस घेतो, इतकंच लेहेल हाय. मास्तरायची सही पाह्यजे, बस्. घराच्या भाईर पडाचंही काम नाई. बारा वाजाच्या अंदर माह्याजवळ आली तं मी पोचवतो. मी हिरीपाशी उभा हावो."

उंबऱ्याच्या आत, तिच्या तांब्याखाली, चिठ्ठी दाबून ठेवून तो गेला.

पुढच्या ओट्यावरून आवाज आला. "कोन हाय मांगं?"

तिनं घास चावला.

"कोन आलतं म्हनतो मी?" मास्तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "हिंमतरावचं कोनी आलतं काय?"

चिठ्ठीचं पांढरं टोक तांब्याखालून दिसत होतं. मान जरा खाली केली असती तर मास्तरांना दिसलं असतं. एक शब्द बोलायचा, ताट गाईला घालायचं, एक दिवस पाण्यावर काढायचा. हे तिनं चष्म्यासाठी केलं होतं, उपरण्यासाठी केलं होतं. सत्यभामाबाईनं डाळीत भाकरी कुस्करली आणि दुसरा घास घेतला.

"मुकी झाली काय?" मास्तर म्हणाले. मग आठवलं. "हाव, हाव, तुमचं पुन्य चालू हाय. चालू द्या."

ते ओट्यावर परत गेले. ती एरवी अर्ध्या भाकरीवर उठायची. त्या दिवशी तिनं पूर्ण भाकरी खाल्ली, ताकभात घेतला आणि शेवटचं शीत बोटानं टिपून खाल्लं. चूळ भरायला ती उठली तेव्हा शाळेची घंटा पडत होती. तिनं टोल मोजले. मग हात पुसून, चिठ्ठी घेऊन पुढे गेली.

"जहांगीर आलता. हेडमास्तरची चिठ्ठी हाय."

मास्तरांनी चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. "हेडमास्तर सोता काऊन नाई आला?"

"वाचता काय?"

"चुलीत घाल. चिठ्ठ्यायवर उठनारा मानूस नाई मी."

तिनं चिठ्ठी चुलीत घातली. कागद पातळ होता, लगेच जळाला.

राजीनामा मंजूर झाल्याचं दुसऱ्या दिवशी जहांगीरनंच तिला विहिरीवर सांगितलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. "मी साडेबारापर्यंत उभा व्हतो," एवढंच म्हणाला. मग दुसरी गोष्ट सांगितली. बुधवारी शाळेत मास्तरांना निरोप द्यायचा होता, नारळ-शाल घेऊन सगळे त्यांना न्यायला येणार होते. "अन् हिंमतरावनं ताकीद देल्ली. निरोपाचं नाव काढाचं नाई. मास्तर, चाला, इतकंच म्हनाचं. त्याले पाहाची हाय गंमत. तुमी सांगून द्या मास्तरायले."

"बरं," सत्यभामाबाई म्हणाली आणि घागर उचलली.

बुधवारी सकाळी तिनं मास्तरांचा काळा कोट ट्रंकेतून काढला. पितळी तांब्यात निखारे भरले आणि कोटावर, बाह्यांवर, कॉलरवर बेतानं फिरवला. मास्तरांनी विचारलं, "आज काऊन?"

"आज येतील म्हनते लोक."

मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हनलं होतं न मी?"

दहा वाजता लेझीम वाजत आली. पोरं पुढे, मागे हेडमास्तर, दोन पंच आणि सजवलेली बैलगाडी. हेडमास्तरांनी खालमानेनं हार घातला. "मास्तर, चाला."

"नाई," मास्तर म्हणाले.

"चाला न, मास्तर. सारे थांबेल हायेत," एक पंच म्हणाला.

"मी एकडाव देल्ला कागद देल्ला. माही इज्जत भर सभेत गेली."

"तेच तं. आता भर सभेतच मान करू म्हनते अध्यक्ष. चाला."

मास्तर उठले. हे तिसऱ्यांदा होतं. "एका शर्तीवर येतो. खुर्ची पयल्या रांगेत पाह्यजे."

दोघा पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं उपरण्यानं तोंड झाकलं. "पयल्या रांगेत काय, स्टेजवर बसवू. मधोमध."

गाडीत चढताना मास्तरांनी मागे वळून बायकोला म्हटलं, "तू बी चाल. पाह्य." ती तयारच होती.

शाळेत खरंच मधोमध खुर्ची होती. मास्तर तिच्यावर ऐसपैस बसले. समोरच्या पोरांकडे पाहून त्यांनी मान हलवली, आणि कुणी विनंती करायच्या आधीच उठून म्हणाले, "झालं गेलं इसरून जाऊ. मी माह्याकडून राग सोडला. उद्यापासून सातवीचा इतिहास मागच्या पानावरून सुरू करू."

पोरांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू पुढच्या बाकांपर्यंत आलं. हेडमास्तर बुटांकडे पाहत राहिले.

हिंमतराव उठले. मोठ्या गोड आवाजात म्हणाले, "आमचे मास्तर मानी मानूस. असा मानूस एकडाव शब्द बोलला तं त्याले दुसऱ्यांदा इचारनं म्हंजे त्याचा अपमान. म्हून आमी कोनी त्यायच्या घरी गेलो नाई. कागद आला, शनवारी मंजूर केला. आज त्यायले निरोप. सातवीचा इतिहास आता हे शिकवतील." त्यांनी भाच्याकडे बोट केलं. पोरगेलासा, तेल चोपडलेला भाचा उभा राहिला आणि त्यानं वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला.

तेव्हा मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं. एवढा वेळ तो त्यांच्या पाठीमागे होता. रंगीत खडूनं 'निरोप समारंभ' लिहिलेलं होतं, वेडंवाकडं. शाळेतले सगळे फळे आजवर मास्तरच लिहीत आले होते.

शाल घालताना मास्तरांचे खांदे इतके पडले की ती दोनदा घसरली. हिंमतरावांच्या बायकोनं सत्यभामाबाईची खणा-नारळानं ओटी भरली आणि कानाशी म्हणाली, "खोल्या पोळ्याच्या आत मोकळ्या करान न, बाई? भाच्याची बायको यायसाठी थांबेल हाय." सत्यभामाबाईनं ओटी कपाळाला लावली. "करते जी."

 घरी येऊन पुढच्या खोलीत शिरल्यावर मास्तर म्हणाले, "तुले ठाऊक होतं?"

"हाव."

"कवापासून?"

"शनवारपासून. चिठ्ठीत वापस घेतो म्हून लेहेल होतं. तुमची सही पाह्यजे होती फकत."

 मास्तर खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले. पोळा जवळ आला तरी ते तिथेच होते. मास्तरांना तिनं मेहकरच्या भावाला कार्ड लिहायला लावलं. उत्तर आलं, त्यात पाऊसपाणी होतं, खुशाली होती, या म्हणून शब्द नव्हता.

"दादा बोलावत नाई तोपर्यंत मी जानार नाई," मास्तर भिंतीला म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भाच्याची तरणी बायको खोल्या पाहायला आली. चुलीचा धूर कुठे जातो, विहिरीला पाणी उन्हाळ्यात टिकतं का, असं विचारत राहिली. सत्यभामाबाईनं तिला सगळं मायेनं सांगितलं, तिच्या कपाळी कुंकू लावलं आणि किल्ली हातात दिली. मग देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले, दोन लुगड्यांचं बोचकं काखेत घेतलं आणि लोणारच्या मोटारीची वेळ विचारून निघाली.

"मले कोन नेईल?" आतून मास्तर म्हणाले.

"कोनी येतं काय पाहा," ती म्हणाली.

लोणारला तिचा भाऊ वांगी-मिरच्यांच्या मळ्यात राबत होता, त्याची बायको तोंडाची तिखट होती, आणि तिलाही तिथे कुणी बोलावलेलं नव्हतं.